चार लोकांपैकी एक कसे व्हावे : नवशिक्यांसाठी

मुलीने कुठवर शिकायचं, मुलाने कुणाशी लग्न करायचं, नवरा गेलेल्या बाईने कोणत्या रंगाची साडी नेसायची आणि झोप उडालेल्या माणसाने कुठल्या डॉक्टरकडे जायचं, हे आपल्याकडे ज्याचं त्याने ठरवायचं नसतं. ते चार लोक ठरवतात. एवढं अधिकाराचं पद, पण त्याची जाहिरात निघत नाही, परीक्षा होत नाही आणि पगारही मिळत नाही. सगळा कारभार हौसेवर. त्यामुळे या कामात नव्याने पडणाऱ्यांना कुणी वाट दाखवत नाही. कुणी उत्साहाच्या भरात उघड शिवीगाळ करतो, तर कुणी गाफीलपणे समोरच्याला धीरच देऊन बसतो. दोन्हींमुळे वर्षानुवर्षांची मेहनत वाया जाते. म्हणून ही मार्गदर्शिका.

कामाचं स्वरूप थोडक्यात असं : एखाद्या धडधाकट माणसाला, अंगाला बोटही न लावता, रात्र रात्र छताकडे बघत बसण्यापर्यंत आणायचं आणि मग 'मनानेच कमकुवत होता' असं म्हणून मोकळं व्हायचं.

आधी थोडी थिअरी

मनाचा आजार ज्याच्या त्याच्या डोक्यात असतो, ही समजूत आपल्या फार उपयोगाची आहे. तिला धक्का लागू देऊ नका. आनुवंशिकता असते, मेंदूतल्या रसायनांचाही भाग असतो, हे खरंच आहे. फक्त तेवढं सांगून थांबायचं. पुढचं सांगत गेलं की बोट आपल्याकडे वळतं. एमिल द्युरकेम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ साली आत्महत्येवर पुस्तक लिहून नेमका हाच आगाऊपणा केला. माणूस इतकं खासगी पाऊल उचलतो, पण कुठल्या समाजात किती जण ते उचलतील याचं प्रमाण वर्षानुवर्षं फारसं बदलत नाही. आणि बदलतं तेव्हा ते माणूस इतरांशी किती जोडलेला आहे यावर बदलतं, असं त्याने मांडलं. सुदैवाने पुस्तक जाड आहे, आपल्यापैकी कुणी ते वाचणार नाही.

१९६७ साली होम्स आणि राहे या दोन अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी केली आणि प्रत्येकीला ताणाचे गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, लग्न ५०, नोकरी जाणं ४७, निवृत्ती ४५. सासरच्यांशी कटकट २९. (आकडे अमेरिकेतले आहेत हे वाचकाने ध्यानात घ्यावं.) नाताळलासुद्धा १२ गुण आहेत. दिवाळी यादीत नाही, नाहीतर भाऊबीजेला आधी कुणाकडे जायचं यावरच वीसेक गुण द्यावे लागले असते. नवशिक्याने ही यादी एकदा नजरेखालून घालावी. तिच्यातल्या बऱ्याचशा घटना माणसाच्या डोक्यात घडत नाहीत, त्या माणसामाणसांत घडतात. म्हणजे आपल्या हद्दीत.

पात्रता आणि साहित्य

वयाची अट नाही, शिक्षणाची तर नाहीच. नातं जितकं लांबचं तितका अधिकार मोठा, कारण सख्ख्या भावाला परिणाम भोगावे लागतात, आत्याच्या जावेच्या भावाला लागत नाहीत. सोसायटीचे सेक्रेटरी, हळदीकुंकवाला आलेल्या काकू, पारावरची मंडळी, बापाचे रिटायर्ड मित्र, कुणालाही दार उघडं आहे. परदेशात असाल तरी काम थांबत नाही. न्यू जर्सीत बसून कोथरूडच्या चुलतभावाच्या घरात काडी टाकता येईल एवढी सोय कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपने करून दिली आहे.

अट एकच. आपण चारांपैकी एक आहोत हे कधीही कबूल करायचं नाही. "माझं काही नाही रे, पण लोक बोलतात" हे वाक्य पाठ करा. बोलणारे लोक कोण, हे आजवर कुणालाही सापडलेलं नाही. सगळे जण दुसऱ्यांच्या वतीनेच बोलत असतात.

साहित्यही एकच, प्रश्न. विधान करू नये. विधानाला प्रतिवाद होतो. प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं, आणि तेही पाहुण्यांसमोर, हातात पोह्यांची बशी असताना. प्रश्न विचारून झाल्यावर उत्तर ऐकायचं नाही. "असो," म्हणायचं आणि लिंबू मागायचं.

सरावासाठी : निकाल

दहावीचा निकाल सरावाला उत्तम. दरवर्षी येतो आणि समोर पंधरा-सोळा वर्षांचं पोर असल्यामुळे उलट उत्तराची भीती कमी. पूर्वी बोर्डच गुणवत्ता यादी लावायचं, पेपरात पेढा भरवतानाचे फोटो यायचे. बोर्डाने ती यादी बंद केली, तेव्हापासून ती लावण्याची जबाबदारी आपल्यावर आली आणि आपण ती चोख पार पाडतो आहोत. २०२४ साली राज्याचा निकाल ९५.८१ टक्के लागला. एवढे पास होत असतील तर पास होणं ही बातमीच राहत नाही. शंभर टक्केवालीही दरवर्षी निघतात, त्यातली पुष्कळ लातूर विभागातली. त्यामुळे ब्याण्णव मिळाले असं कुणी सांगितलं की चेहऱ्यावर थोडी हळहळ आणून विचारावं, "मग? रीचेकिंगला टाकणार का?" चौसष्टवाल्याला मात्र काहीही विचारू नये. त्याच्या आईला म्हणावं, तो शेजारी उभा असताना, "चला, सुटला ना एकदाचा."

नवशिक्यांचं इथे हमखास चुकतं. ते मुलाला बोलतात. मुलाला बोललं तर तो त्या रात्रीपुरता रडतो. आईबापांना बोललं की काम वर्षभर घरातच आपोआप चालू राहतं, आपल्याला पुन्हा फेरी मारावी लागत नाही. ते बिचारे आपल्याला घाबरून मुलाला बोलतात आणि मुलाला वाटतं की हे त्यांचंच मत आहे. या एका युक्तीवर आपलं निम्मं खातं चालतं.

याच्या पुढची इयत्ता, स्पर्धा परीक्षांची, पुण्यात भरते. सदाशिव पेठ, नवी पेठ, तिथल्या अभ्यासिकांमधल्या महिन्याच्या भाड्याच्या खुर्च्या, मेसचा डबा, कॉट बेसिसवरची खोली. पूर्व, मुख्य, मुलाखत. मधे कुठे तरी न्यायालयाची स्थगिती, कुठे जाहिरातच नाही. जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत. पंचविशीला आलेला मुलगा तिशीला तिथेच असतो. इथे ताणाची व्यवस्था सरकारने आधीच करून ठेवलेली असल्यामुळे आपल्याला फार कष्ट नाहीत. गणपतीला गावी आला की एवढंच विचारायचं, "निघाली का मग पोस्ट?" पुढच्या गणपतीला तो येत नाही. तेव्हा म्हणायचं, "पुण्याचं पाणी लागलं, माणसं विसरला."

मुलगा शहरातल्या कॉलेजात गेला असेल तर आणखी एक लहानसा प्रश्न आहे : "पूर्ण नाव काय तुझं?" आडनावात भागलं नाही तर गाव विचारावं, गावात भागलं नाही तर "किती रँकला लागला तुझा नंबर?" असं विचारावं. त्यानंतर काही बोलायची गरज नसते, नुसतं "अच्छा" म्हटलं तरी पुरतं. समोरचा पुढची पाच वर्षं वर्गात हात वर करण्याआधी दोनदा विचार करतो. हा प्रश्न विचारणाऱ्यांना आपण काही केलं असं कधीच वाटत नाही, आणि या धड्यातली सगळ्यात कसलेली मंडळी हीच.

लग्न

लग्नाच्या प्रश्नाला दूरदृष्टी लागते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात ८०७. हे एका दिवसात झालेलं नाही. प्रत्येक बारशाला "पहिली मुलगीच का, बरं, पुढच्या वेळी," असं म्हणणारी माणसं घरोघरी लागली, तेव्हा कुठे इतक्या मुली गाळता आल्या. त्यांच्या थोडं आधी जन्मलेले मुलगे आता लग्नाला आले आहेत. ज्या तोंडांनी तेव्हा "वंशाला दिवा हवा" म्हटलं, त्याच तोंडांनी आज त्यांना विचारायचं, "काय रे, पोरगी बघितली का नाही अजून?"

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेल्या तरुणांनी नवरदेवाचा पोशाख करून, घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. गर्भलिंगनिदानविरोधी कायदा नीट राबवा, अशी त्यांची मागणी होती. व्हिडिओ राज्यभर फिरले आणि आपण पोट धरून हसलो. ती पोरं मागत काय होती, ते फार थोड्यांनी ऐकलं. या तरुणांना शेती करतात म्हणून मुली नाकारतात, हेही आपण मोठ्या चवीने सांगतो. त्या मुलींनी रानात राबणाऱ्या आपल्या आईचं काय झालं ते लहानपणापासून बघितलेलं असतं, हे सांगत नाही.

घरी असलेली बाई

हा या मार्गदर्शिकेतला मुख्य धडा. तो सावकाश वाचावा.

जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस या संशोधकांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या बायकांचा अभ्यास करून १९७८ साली पुस्तक काढलं. संकट कोसळल्यावर कुठल्या बायका नैराश्यात जातात आणि कुठल्या सावरतात, हा त्यांचा प्रश्न. चार गोष्टी त्यांना महत्त्वाच्या दिसल्या. मनातलं सांगावं असं जवळचं माणूस नसणं. घरात चौदा वर्षांखालची तीन किंवा जास्त मुलं असणं. घराबाहेर नोकरी नसणं. आणि अकरा वर्षांची व्हायच्या आत आई गेलेली असणं. चौथी गोष्ट आपल्या हातात नाही. पहिल्या तिन्हींवर मात्र आपल्याकडे कॅम्बरवेलचं नावही न ऐकलेल्या माणसांनी किती बारकाईने काम केलं आहे, हे पाहून ऊर भरून येतो.

नोकरी सोडवायची असेल तर "सोड" म्हणू नये. "तुला काय कमी आहे?" असं विचारावं. ती सोडते. मग काही वर्षांनी लग्नकार्यात ओळख करून देताना, "ही काही करत नाही, घरीच असते," एवढं म्हणावं. पहाटे डबे, सासऱ्यांची इन्सुलिनची सुई, मुलांचा अभ्यास, पाण्याची वेळ, गॅसचा नंबर, हे सगळं 'काही करत नाही'च्या पोटात बसतं.

माहेरच्या फोनकडे लक्ष ठेवा. "किती वेळ बोलतेस गं!" हे हसत हसत म्हणायचं. महिन्याभरात ती फोन गच्चीत जाऊन करते, सहा महिन्यांत "सगळं छान आहे" एवढंच सांगते. मैत्रिणींचा बंदोबस्त त्याहून सोपा. लग्नानंतर गाव बदलतं तिथेच त्या निम्म्या गळतात, उरलेल्यांबद्दल "तुझ्या त्या मैत्रिणीचं जरा वेगळंच आहे, नाही?" असं एकदा विचारलं की पुरे. मनातलं सांगावं असं माणूस उरलं नाही की पहिली अट पूर्ण झाली.

बाळंतपणानंतर ती रडत असेल, बाळाकडे बघवत नसेल, झोप नसेल, तर डॉक्टर त्याला आजार म्हणतात आणि त्यावर उपचारही करतात. आपण म्हणायचं, "आम्ही नाही का काढली पोरं?" हे वाक्य सासूनेच म्हणावं असा नियम नाही, पण तिच्या तोंडी ते सगळ्यात जास्त शोभतं, कारण तिच्या वेळी तिलाही कुणी तरी हेच म्हटलेलं असतं आणि तीही तेव्हा न्हाणीघरात जाऊन रडलेली असते.

कामाचा हिशेब सरकार ठेवतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात त्या वर्षी १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केल्या. महाराष्ट्र २२,७४६ सह पहिला. देशभरातल्या अशा बायकांमध्ये निम्म्याहून जास्त, म्हणजे २५ हजारांवर, गृहिणी होत्या. आणि सगळ्या आत्महत्यांच्या कारणांत सर्वांत वरचं, ३१.७ टक्के, 'कौटुंबिक समस्या'. अहवालात आपला उल्लेख याच नावाने येतो. पोलीस पंचनाम्यात पारावरच्या माणसांचं किंवा हळदीकुंकवाचं नाव कधीच येत नाही, तेव्हा काळजी नसावी.

पुरुषांसाठी वेगळा धडा लागत नाही. "बाईसारखा काय रडतोस?" हे तो पाचवीत असताना एकदा नीट सांगून ठेवलं की पुढची चाळीस वर्षं तो स्वतःच स्वतःला सांगत राहतो. फार झालं तर प्यायला लागतो, आणि मग आपल्याला नवा विषय मिळतो.

रान

हा भाग शिकवताना आम्हालाही हसू येत नाही, पण अभ्यासक्रमात आहे.

पाऊस, कापसाचा नि सोयाबीनचा भाव, बँक, विमा कंपनी, यांतलं काहीच आपल्या हातात नाही. आपलं काम त्याच्या पुढचं. मुलीचं लग्न आलं की "आपल्या घराण्याला शोभेल असं तरी करावंच लागतं" म्हणायचं. शेतकरी कर्ज काढतो, आपण पंगतीत जेवतो, मठ्ठा कमी पडल्याचं सांगतो. वर्षभराने बँकेचा माणूस त्याच्या दारात उभा दिसला की ते पारावर न्यायचं. कृषी केंद्राच्या दुकानदाराने उधारी चारचौघांत मागावी, एकट्यात मागू नये. माणूस कर्जाने वाकतो, पण वाकलेला सगळ्यांना दिसतो आहे हे कळल्यावर तो घराबाहेर पडेनासा होतो.

तो गेल्यानंतरही परीक्षा संपत नाही. राज्य सरकार अशा कुटुंबाला एक लाख रुपये देतं, पण आधी समिती बसून आत्महत्या 'पात्र' की 'अपात्र' ते ठरवते. कर्ज बँकेचं होतं की विनापरवाना सावकाराचं, जमीन कुणाच्या नावावर, थकबाकी किती. सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई आयुष्यभर निंदण-खुरपण करत आली तरी तिचं मरण शेतकऱ्याचं मोजलं जाईलच असं नाही. या फाइली आपण बघायला जायचं नाही. आपण फक्त "दारू प्यायचा म्हणे" असं गावात सोडून द्यायचं आणि बाकीचं आपोआप होतं. मागे राहिलेल्या बाईचं कुंकू, जोडवी, बांगड्या यांचं काय करायचं, ते आपल्याला तोंडपाठच असतं.

माणूस आजारी पडल्यावर

इथवर नीट काम केलं असेल तर आता समोरचा आजारी आहे. जेवत नाही, बोलत नाही, पहाटे तीनला जागा होतो. हा टप्पा नाजूक, कारण तो या वेळी मदत मागू शकतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर दहा प्रौढांमागे साधारण एक जण अशा कुठल्या ना कुठल्या त्रासात होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळालेले नव्हते. डॉक्टर कमी आहेत, दवाखाने दूर आहेत, ही कारणं खरी. पण दवाखाना दोन गल्ल्या सोडून असतानाही माणूस तिथे जात नाही, त्याचं श्रेय आपलं.

त्याला मानसोपचारतज्ज्ञाचं नाव कुणी सुचवलं की लगेच म्हणा, "तो काय वेडा आहे का?" मुंबईत असाल तर ठाण्याची, पुण्यात येरवड्याची, कोकणात रत्नागिरीची, विदर्भात नागपूरची गाडी कधी सुटते ते विचारा. राज्याची ही चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. त्यातलं ठाण्याचं १९०१ पासून आहे, आणि एवढ्या वर्षांत तिथून बरी होऊन घरी गेलेल्या माणसांबद्दल आपण एकही विनोद केलेला नाही. बरं होणं हा विनोदाचा विषय नाही.

गोळ्या सुरू झाल्याच तर "सवय लागते बरं का" म्हणावं. ज्यांना स्वतःला बीपीची गोळी वीस वर्षं चालू आहे त्यांनी हे जास्त ठासून म्हणावं. सल्ले मोफत द्यावेत : सकाळी फिरायला जा, चांगला विचार कर, लग्न करून टाक, मूल होऊ दे, सगळं ठीक होईल. यातला शेवटचा सल्ला विशेष चांगला, त्यातून आणखी दोन माणसं आपल्या कक्षेत येतात. शेजारच्या ताईंनी "बाहेरचं काही असेल" असं सुचवलं तर देवऋषीचा पत्ता तयार ठेवावा.

मात्र इथे थोडं जपून. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच राज्याने जादूटोणाविरोधी अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी कायदाही केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारहाण, मिरचीची धुरी देणं हे आता गुन्हे आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला बंदी केली आहे. तमिळनाडूत एर्वाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या आगीत साखळ्यांत अडकलेली २८ माणसं जळून मेली, त्यानंतर सोळा वर्षांनी. त्याच कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं कलम ३०९ घेतलेलंच नाही. म्हणजे पोलीस ठाण्यातून माणूस सुटतो. घरी त्याची वाट बघत आपण बसलेलोच असतो : "आईबापांचा तरी विचार करायचा होतास!"

धंद्यापुढची संकटं

आपल्या कामाला डॉक्टरांपासून फार धोका नाही, ते आहेतच किती! धोका साध्या माणसांपासून आहे.

गोव्यात १९९६ पासून 'संगत' नावाची संस्था काम करते. तिथल्या लोकांनी मानसोपचाराची पदवी नसलेल्या, गावातल्याच माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं आणि सरकारी आरोग्य केंद्रांत बसवलं. काम काय, तर येणाऱ्याचं ऐकायचं, आजार समजावून सांगायचा, गरज पडली तर डॉक्टरकडे न्यायचं. सरकारी केंद्रांतले रुग्ण यामुळे जास्त प्रमाणात बरे झाले, हे २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. नंतरच्या एका प्रयोगात अशाच माणसांनी सहा ते आठ बैठकांत तीव्र नैराश्यावर काम करून दाखवलं. गोष्ट औषधाइतकीच जुनी : शेजारचं माणूस नीट वागलं, एवढंच. हे जर पसरलं तर आपण काय करायचं?

विदर्भही हातातून निसटू पाहतोय. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातलेच कार्यकर्ते घरोघरी गेले, मनाच्या त्रासाबद्दल उघड बोलले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेलं. जी गोष्ट पारावर दबक्या आवाजात बोलायची, ती यांनी ओसरीवर आणून ठेवली.

आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने तर मे २०२२ मध्ये चक्क ठराव केला : नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं, हे आमच्या गावात बंद. पाठोपाठ राज्य सरकारने इतर गावांनाही तसं करायला सांगणारं पत्रक काढलं. ठराव कागदावर राहतात, हा आजवरचा अनुभव आपल्या बाजूने आहे. पण तो ठराव करायलाही गावातली चार लोकंच बसली होती, हे विसरून चालणार नाही. फितुरी आपल्यातूनच सुरू झाली आहे.

आता शेवटची सूचना. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारने 'टेली-मानस' ही फोनसेवा सुरू केली आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालू, पैसे पडत नाहीत, पलीकडचं माणूस मराठीत बोलतं, पूर्ण नाव आणि गाव विचारून 'अच्छा' म्हणत नाही. ज्याला रात्री झोप लागत नाही अशा कुणाच्याही हाती हा क्रमांक लागता कामा नये. कुटुंबाच्या ग्रुपवर तर अजिबात टाकू नका.